मामाची पायडलची होडी

पाण्यात सायकल चालवून कुणाचे पाय दुखलेत का? माझे अजून दुखतायत.

मामाने पायडलची कयाक घेतली, पण मासा कधी आणला नाही. रविवारी मामीने बजावलं, "आज मासा न्हाय आला तर ही होडी इकून टाकते." मग मामा मला उजनीच्या पाण्यात घेऊन गेला. तो पुढे गळ टाकून बसला आणि मागे पायडल मी मारत होते.

"मामा, दमले."

"मार की गं जरा! मासं तिकडं हायेत."

तीन तास मासे तिकडंच होते. शेवटी काठावरच्या मासेवाल्या मावशींकडून मामाने चार चिलापी घेतल्या. "मामीला बोलायचं न्हाय हां!"

घरी मामीने पिशवी उघडली.

"अवो, तुमच्या गळाला मासं खवलं काढून लागत्यात व्हय?"

मावशींनी सवयीने साफ करून दिल्या होत्या. आम्ही दोघांनी पाहिलंच नव्हतं.

"मी केल्या की साफ," मामा म्हणाला.

"तुमी? कांदा तरी चिरलाय का कदी?"

मामाने साक्षीसाठी माझ्याकडे बघितलं. मी एरवी फारशी बोलत नाही.

"मामी," मी म्हटलं, "होडी आजच विका."