चिमाजीच्या जीपची बारी

आता तुमीच सांगा राव, एकाच जीपमदी म्हाताऱ्यांची कंबर बी सांभाळायची अन घाटात पहिला नंबर बी काढायचा, असला पार्ट कुठल्या दुकानात मिळतो? पण न्हाई! चिमाजीला दोनी पायजे व्हतं. मढ ते जुन्नर शिटं वाहणारा माणूस, बारा वर्षं तोच रस्ता, तेच खड्डे... अन दोन हजार तीन साली शेजारच्या गावच्या यात्रा कमिटीनं काय टूम काढली, तर बैलगाडे पळून झाले की दुसऱ्या दिशी त्याच घाटात, म्हंजी गाड्यांच्या त्या चढाच्या मातीच्या धावपट्टीवर, जीपा पळवायच्या. एकेका जीपची बारी, सेकंदावर नंबर, अन जिंकणाऱ्याचं नाव भोंग्यावरनं तीनदा पुकारायचं.

झालं! चिमाजीची झोप उडाली. त्या भोंग्यावर त्याच्या बापाचं नाव पुकारलेलं, चुलत्याचं पुकारलेलं, अहो, ज्याला बैलाचा कासरा धड धरता येत न्हाई त्या मेव्हण्याचं बी पुकारलेलं! चिमाजीनं मातुर बैल इकून जीप घेतली, अन त्याचं नाव ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. बोलायचा न्हाई कुणाला, पण आत लई लागलेलं. बायको झुंबरबाई म्हनली, एकडाव काय ते करून घ्या, पुन्यांदा घाटाचं नाव काढायचं न्हाई, घर ह्या जीपवर चालतंय. बरोबर हाये तिचं. जीप एकच ना, राव!

मग गडी गेला जुन्नरला, गेणभाऊ मिस्त्रीकडं. गेणभाऊच्या तोंडात कायम तंबाखू, त्यामुळं बोलणं कमी. म्हनला, "रस्त्याला मऊ, घाटाला कडक. काय टाकू?" चिमाजी म्हनतो, दोनी. आता दोनी कसं व्हनार? टायर टाकलं मातीत पकडणारं, खोल नक्षीचं, तर डांबरावर त्याचा असा घुंघुं आवाज, की मागल्या शिटांना वरडून वरडून गप्पा माराव्या लागायच्या, जुन्नर येईस्तोवर सगळ्यांचे घसे बसलेले! चाकावरचे पाटे, म्हंजी स्प्रिंगा, टाकले कडक. चौदा माणसं भरली की ते पाटे दबायचे अन गाडी गुमान चालायची, पण दोनच शिटं असली की त्यांची डोकी ताडपत्रीला. आन लायनर? ते तर इचारूच नका.

पुण्यावरनं शर्यतीचे ब्रेक लायनर मागवले. ते तापल्याबिगर धरत न्हाईत, अन मढची सकाळ कसली, माळशेजकडनं धुकं उतरलेलं, हाताची बोटं वळायची न्हाईत, तिथं लायनर कशानं तापतोय? ज्याला शाळेपाशी उतरायचं तो ओढ्यापाशी उतरायला लागला. आमचे भागुजी गुर्जी, रोज अर्धा मैल माघारी चालत. त्यांनी शेवटी उपाय काढला, एक थांबा आधीच पत्र्यावर दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हंजी थांब, हे बारा वर्षांचं ठरलेलं. कुणी तक्रार केली की चिमाजी हात जोडायचा, यात्रेपोत्तर सोसा, जीप एकच ना, राव!

शर्यतीच्या दिशी मढची शिटं भरूनच गडी घाटावर आला. शिटं उतरवून रिकामी जीप पळवून बघितली, तर कडक पाट्यांवर ती अशी उड्या मारायला लागली की चाकं जमिनीवर कमी अन हवेत जास्त! चिमाजीचं तोंड उतरलं. मग त्याच्या डोक्यात आलं, हिला वजन पायजे. कमिटीला इचारलं, तर ड्रायव्हरनं एकट्यानंच बसायचं असं कागदावर कुटंच नव्हतं. बसवली सगळी परत. पुढं झुंबरबाई, मागं गुर्जी, दाराशी रोजची म्हातारी अंबाबाई. निशाणापल्याड गर्दी, थांबायला तर पायजे, म्हणून चार फेऱ्या मारून लायनर बी तापवून घेतले. पहिल्यांदाच सगळे पार्ट एकदिलानं तयार!

अन सुटली जीप... काय सांगू तुमाला, ती जमिनीला चिकटून पळाली, एक उडी न्हाई! गुर्जी सुदीक "पळीव, चिमाजी, पळीव!" करायला लागले. निशाण दहा पावलांवर आलं, अन पत्र्यावर दोन थापा पडल्या. बारा वर्षांचा पाय तो, त्याला काय शर्यत कळतीय? गेला ब्रेकवर. तापलेल्या लायनरनी असं धरलं, की जीप जागच्या जागी खिळली.

चिमाजी सावकाश मागं वळला. "अंबामावशी, का गं वाजवलंस?"

"दोरीपाशी माझी विहीण उभी हाये. न बोलता पुढं गेले तर पोरीला सासरी बोलणी कोण खानार?"

बरोबरच हाये तिचं. ती उतरली, विहिणीच्या पाया पडली, पोरगी बरी हाये का, म्हैस व्याली का, सगळं इचारून झालं. दुसरी जीप मागं खोळंबलेली. अन तेवढ्यात भोंगा वाजला: "मढचे चिमाजी, घाट मोकळा करा. मढचे चिमाजी, घाट मोकळा करा. मढचे चिमाजी..."

चिमाजी इस्टेरिंग धरून तसाच बसलेला. झुंबरबाईनं त्याच्याकडं बघितलं अन पदर सारखा करत म्हनली, "पुकारलं ना तीनदा? चला आता. उद्या साडेसहाची शिटं हायती."