स्पिरिटचा बोळा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम, ड्रेसिंग रूममधल्या माझ्या सहकारी, आणि बरे होऊन स्वतःच्या पायांनी इथवर चालत आलेले आमचे सगळे पेशंट, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सगळं कागदावर लिहून आणलंय. एकवीस वर्षं इथे जखमा धुतल्या, माइकसमोर मात्र पहिल्यांदाच उभी आहे. आज मला भीती वाटते आहे, आणि कशाची ते सांगितल्याशिवाय मी खाली उतरणार नाही.

मॅडमच्या कर्तृत्वाबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी एकाच सकाळबद्दल बोलेन. तिसऱ्या रांगेत माझे वडील बसले आहेत. शिंपी. चाळीस वर्षं पायमशीन चालवली. साखरेच्या आजाराने तळव्याची जाणीव गेली, पेडलने पाय सोलला तरी त्यांना पत्ता नाही. चौदा महिने जखम भरेना. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. फरक पडला नाही तर पाय गुडघ्याखालून काढायचा. बाबा हसत विचारायचे, "आणि मशीन कोण चालवणार, शेजारी?" मी न्हाणीघरात जाऊन रडायचे.

तेव्हा मॅडमनी हा उपाय सुचवला. पेशंटच्याच अंगातली चरबी बारीक नळीने काढायची, धुवायची, तिच्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि त्याच पेशंटच्या जखमेच्या कडेला टोचायच्या. ज्याचं त्याला. आता बाबांकडे एकदा वळून बघा. यांच्या अंगावर चरबी शोधायला भिंग लागेल! पोट, कंबर सगळं धुंडाळलं, तेव्हा कुठे एक सिरिंज भरली. शेजारच्या खाटेवर बेकरीवाले काका होते, त्यांची जखम पोटरीला. त्यांच्याकडे दुष्काळाचा प्रश्नच नव्हता.

त्या सकाळी लेबलं संपली होती. मी दोन्ही सिरिंजवर मार्करने नावं लिहिली. आणि आत न्यायच्या आधी, हाताची सवय, स्पिरिटच्या बोळ्याने दोन्ही लख्ख पुसल्या.

नावं बोळ्यावर आली.

मॅडम हात पुढे करून उभ्या. "बाबांची कुठली?" डावी असावी, असं मला वाटत होतं. नव्वद टक्के वाटत होतं. जीभ 'डावी' म्हणायला निघालीसुद्धा. चुकलं असतं तर एकाचा आजार दुसऱ्याच्या अंगात गेला असता. आणि बरोबर आलं असतं तर? कुणाला काही कळलंच नसतं, आणि पुढच्या वेळीही मी अंदाजाने सांगितलं असतं. मंडळी, मला या दुसऱ्या शक्यतेचीच जास्त भीती वाटते.

"मॅडम, मला माहीत नाही," मी म्हणाले. त्यांनी दोन्ही सिरिंज उचलून टाकून दिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर जाऊन त्यांनी दोघांना सांगितलं, "माझ्याकडून चूक झाली. पुन्हा चरबी काढावी लागेल." माझ्याकडून! मी दाराआड उभी होते. पुढे झाले नाही.

पुन्हा काढायला अकरा दिवस थांबावं लागलं. मुदतीतलेच अकरा. रोज पट्टी सोडताना कड काळी दिसेल म्हणून मी आधी डोळे मिटून घ्यायचे. अखेर मांडीतून मिळाली, जेमतेम. मुदत संपली तेव्हा जखमेची कड जराशी आत सरकली होती, म्हणून हाडांचे डॉक्टर थांबले. त्या दिवसापासून मॅडमनी नवा नियम घातला: टोचण्याआधी पेशंटने सिरिंजवरचं आपलं नाव मोठ्याने वाचायचं. तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, चष्म्यावाचून अडलाही आहात. तो नियम माझ्यामुळे आला.

दर आठवड्याला आम्ही पारदर्शक कागदावर जखमेची कड आखतो. बाबा तो कागद घेऊन टेपने मापं काढत बसायचे. टोचल्यापासून सहाव्या आठवड्यात म्हणाले, "पोरी, आता काजाएवढं राहिलं बघ." पाय वाचला.

तेव्हापासून सहा वर्षं बाबा मॅडमना चिडवतात, "काय डॉक्टरीणबाई, गरिबाची होती नव्हती ती चरबी हरवलीत!" मॅडम हसून म्हणतात, "चुकलंच हो माझं." मी बाजूला ट्रे धरून उभी असते. आज दारातही हेच झालं. परवापासून मॅडम इथे नसतील, आणि मला वाटलं, चला, आता हा विषय कुणी काढणारच नाही. त्या वाटण्याचीच मला लाज वाटली.

बेकरीवाल्या काकांना काल घरी जाऊन सांगून आले. ते म्हणाले, "अगं, अजून हवी असेल तर ने!" पण बाबांना सांगणं इतकं सोपं नाही.

बाबा, तुमची चरबी मी हरवली.

तुम्ही चष्मा काढलात. वर बघायचं धाडस होत नाही, म्हणून उरलेलं घाईने वाचते. संयोजकांनी मला बोलू दिलं, अध्यक्षांनी वेळेकडे कानाडोळा केला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. मॅडम, सहा वर्षं तुमच्या नावावर राहिलेली चूक मी परत घेते आहे. बोलताना काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. मी तेही म्हणते. पण बाबा, तुम्हाला वेगळं म्हणते. चुकलंच हो माझं.

...बाबा, उठू नका. वर कशाला येताय? थांबा, मीच येते खाली. पायरी आहे तिथे, पायाखाली बघा!