साक्षीदाराची सही

रजिस्ट्री ऑफिसच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं होतं. आपल्या वडिलांच्या घराच्या कागदांची खिडकीतून नुकतीच मिळालेली नक्कल नवरा तिथेच वाचत होता.

“मंदानं आपला हिस्सा माझ्या नावे सोडलाय. नऊ वर्षांपूर्वीच.”

“हो.”

“आणि हिस्सा मागेल म्हणून मी तिला आपल्या तुषारच्या लग्नालाही बोलावलं नाही.”

“नाही बोलावलंत.”

“इथे साक्षीदार म्हणून तुझी सही आहे, शैला.”

“वन्संनी शपथ घातली होती. म्हणाल्या, दादानं भाऊबीजेला आपणहून बोलावलं, की हा कागद मीच त्याच्या हातात ठेवीन.”

“या दिवाळीला बोलावतो. फक्त आज नक्कल काढली हे तिला सांगू नकोस.”

“नऊ वर्षं त्यांचं गुपित तुमच्यापासून लपवलं. आता तुमचं त्यांच्यापासून लपवू?”