रांगेतलं एक पत्र

नाही, अडकलेल्या मेलची रांग पुसून रिकामी करायची नाही. साहेब, माऊसवरचा हात काढा आधी. मालकांनी सांगितलं असेल – मालक काय, काहीही सांगतात, काल स्मशानातून अस्थी घेऊन आलो तर म्हणाले, मेल कधी सुरू होणार. मी सांगतो ते ऐका, मग करा काय ते.

हे यंत्र माझ्या दादानं उभं केलं. बावीस दुकानांची मेल याच्यावर. त्या दुकानांतल्या कुणाचंही यंत्रावर स्वतःचं खातं नाही, नुसती यादीतली नावं – तुम्हाला ठाऊक आहे, मला दादानं असं समजावलं होतं – एकजण दारात उभा राहून पत्रं घेतो, दुसरा आत कपाट सांभाळतो, कुणाच्या खणात काय ठेवायचं ते त्याला ठाऊक. दोघांच्या मध्ये एक खिडकी. ती कुठे आहे ते दोघांच्या फायलीत सारखंच लिहिलेलं पाहिजे. एकाकडे वेगळं लिहिलं की दारातला हात पुढे करून उभा, आणि समोर भिंत.

तर ती भिंत मी बांधली. मालकांना म्हटलं वीज गेल्यामुळे बिघडलं – खोटं. मीच.

फुलवाल्याला नव्या दुकानाचं नाव चढवून हवं होतं. दादा दवाखान्यात. मी म्हटलं, मी करतो. तर नर्ससमोर म्हणतो, तुला आठवीपर्यंत ढकलताना मास्तर थकले, तू माझ्या यंत्राला हात लावू नकोस. नर्स हसली. तिचं हसणंच लागलं मला, दुसरं काही नाही. बाहेर आलो, त्याचा नंबर ब्लॉक केला आणि सरळ इथे. सोमवार होता. त्याची वही काढली, पान बघून एकेक अक्षर उतरवलं. पान जुन्या यंत्राचं होतं. कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘जुनं’ लिहिलंय – हे बघा, एवढंसं. मी कोपरे कशाला वाचू?

आणि गंमत सांगू का – तीन दिवस एकाचीही तक्रार नाही. मंगळवारी तर मी खूश. आईला म्हटलं, बघ, जमलं की नाही. अहो, तक्रारी मेलनंच यायच्या ना. त्याही तिथेच, रांगेत. दारातला सगळ्यांना हो म्हणत होता, घेत होता, साठवत होता. काल फुलवाला स्वतः चालत आला तेव्हा कळलं.

काल त्या रांगेची यादी उघडली. नऊशे-साडेनऊशे ओळी. त्यात ही – बोट ठेवलंय तिथे बघा. पाठवणारा दादा. घेणारा मी. मंगळवार, दुपारचे चार. तोवर गळ्यात नळी घातली होती त्याच्या, बोलता येत नव्हतं, फोनवर लिहायचा. मी नंबर ब्लॉक केलेला, मग काय करणार – आपल्याच यंत्रावरून मेल टाकली. भरवसा होता यंत्रावर. बुधवारी सकाळी गेला.

आई म्हणते, शेवटपर्यंत फोन हातात धरून होता, सारखा बघायचा. कशाला बघत होता ते मी आईला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

काय? उघडून वाचायची कमांड असते? माहीत आहे मला. वहीतच आहे, पान सतरा. काल लिहून तयार ठेवली, एंटर मारायचं राहिलं. काय लिहिलं असेल? शिव्या असतील. शिव्या असल्या तर बरंच. शिव्या नसल्या तर काय करू मी?

पाच दिवस होईपर्यंत यंत्र प्रयत्न करतं, मग पाठवणाऱ्याकडे परत पाठवतं. रविवारी चारला परत जाईल. कुणाकडे जाईल ते सांगा ना.

म्हणून म्हणतो, रांगेला हात नको. फायलीतली ती एक ओळ नीट करा, खिडकी जागेवर आणा, दारातला नि आतला दोघांना पुन्हा सुरू करा. मी केलं असतं, पण आता हात लावणार नाही. त्यानं नको म्हटलं होतं.

झालं? एवढंच?

पत्रं चाललीत… आठशे उरली. सहाशे. ती ओळ गेली. माझ्या खणात आली असेल.

नाही, तुम्ही क्लिक करू नका. उठा. खुर्ची द्या मला. मालक विचारतील तर सांगा, सुरू झालं. आणि जाताना दार ओढून घ्या.