चार वर्षांचा डॉक्टर

१९५७ सालची गोष्ट. बेंगळूरला चामराजपेटेत बसच्या रांगेत माझ्यापुढे एक वृद्ध डॉक्टर आणि त्यांची नुकतीच एम.बी.बी.एस. झालेली मुलगी उभी होती. मराठी कानावर पडली, म्हणून मी ऐकत राहिलो.

“अण्णा, खेड्यांसाठी तो बंद झालेला चार वर्षांचा डॉक्टरी अभ्यासक्रम पुन्हा काढा, असं तुम्ही सभेत कसं म्हणालात? खेड्यातल्या माणसाचं शरीर काय अर्धं असतं?”

“मी चार वर्षांचाच डॉक्टर आहे, वसुमती.”

“तुम्हाला नाही बोलत मी. पण बाळ आडवं आलं की तुम्ही काय करायचात?”

“बैलगाडी जुंपायला सांगायचो. पोट उघडायला आम्हाला शिकवलंच नव्हतं.”

“आणि त्या बायका?”

“काही इस्पितळापर्यंत पोचायच्या.”

“म्हणूनच म्हणते, तिथे पुरतं शिकलेला डॉक्टर हवा.”

“सरी, मान्य, हवा. पण जाणार कोण? तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना विलायत हवी, नाहीतर बेंगळूर. मी अर्धा असेन, पण मी तिथे होतो.”

“मी जातेय, अण्णा.”

“कुठे?”

“तुम्ही दवाखाना चालवलात त्याच गावी. काल नाव देऊन आले.”

“मला न विचारता?”

“तुम्ही नको म्हणाला असतात.”

“तिथे अजून वीज नाही.”

“माहीत आहे.”

“मग पोट उघडणार कशाच्या उजेडात?”

तेवढ्यात बस आली.

“स्वल्प थांब. ही बस जाऊ दे. आधी मार्केटात जाऊन दोन पेट्रोमॅक्सच्या बत्त्या घेऊ.”

“दोन कशाला?”

“एक ऐन वेळी विझते.”