सुमनबाईंच्या वर्गाला कसला दिवा पाहिजे

तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलंत, सुमनबाईंच्या शिवणवर्गासाठी चार्जिंगचा दिवा पाठवायचा आहे, कोणता निवडू? तुमची झबली-टोपडी शिवणाऱ्या त्याच या सुमनबाई. निवड मला जमेना म्हणून मी प्रश्न त्यांच्यापुढेच ठेवला. त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत देते.

बाई, दिव्याचं सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागंल, मधूनच सांगितलं तर लेकरांना वाटंल ही म्हातारी एका दिव्यासाठी एवढी का अडून बसली. माझं माहेर मुरुड. सासर किल्लारीकडचं बारकं गाव, आता तिथं दगड आन बाभळी हायत, नाव सांगून काय करता. त्र्याण्णव साली माझी रेखा पोटात होती, म्हणून मी बाळंतपणाला मुरुडला आलेली, आन तेवढ्यात भूकंप झाला. मुरुडला मांडणीवरची भांडी पडली, भिंतीला भेग गेली, एवढंच. सासरी माळवदाचं घर, वर मातीचा ढीग आन खाली दगडमातीच्या ह्या एवढ्या रुंद भिंती. आमचे मालक आन सासूबाई त्याच्याखाली गेले. माझे दिवस भरलेले, मला कुणी जाऊ दिलं न्हाई, आन मग लेकरू घेऊन गेले तवा दाखवायला बी काही उरलं नव्हतं. दीर म्हणला, वहिनी, इथं चूल होती. मी म्हणलं हाव. चूल कुठं होती ते मला काही कळलं नव्हतं, पण हाव म्हणलं.

मग पत्र्याची शेडं आली. त्या शेडात एका संस्थेच्या बाया शिवण शिकवायच्या, काज, बटण, तुरपाई, पुढं ब्लाउज, मी तिथंच शिकले. पत्रा उन्हाळ्यात भाजतो, पावसात शेजारणीचं बोलणं ऐकू येत न्हाई, पण काय सांगू तुम्हाला, मला पत्र्याखालीच झोप लागते. पत्रा पडला तर खोक पडंल, जीव जात न्हाई. पुढं सरकारनं पक्की घरं दिली, मला दाराच्या आत जाववेना. जाऊ म्हणली, आम्ही मातीतून निघालो ते निजतो घरात, तू तर मुरुडला होतीस, तुला कशाचं गं भ्या? तिचं खरं हाय. मी नव्हतेच तिथं. तवापासून माहेरीच, भावाच्या अंगणात पत्र्याची खोली टाकून राहिले, रेखाला वाढवली, तिला सासरी लावली.

लातूरला वर्ग काढला तो बी पत्र्याच्या खोलीत. रोज मुरुडहून एसटीनं येते, संध्याकाळी परत. त्या गल्लीत पहिलं साधी घरं होती, मग क्लासेस आले आन सगळी गल्ली पोरांची झाली, खोली तिथं खाट, खाट तिथं पुस्तकं. पोरांच्या मागं त्यांच्या आया आल्या. हदगावची, उदगीरची, देगलूरची, घरदार सोडून इथं एका खोलीत राहायचं, पोराला डबा करायचा, दोन वर्षं. पोरगं क्लासला गेलं की बाईला दुपारी करायला काही न्हाई, नुसती भिंतीकडं बघत बसते. त्या बाया माझ्याकडं येतेत. त्यांच्यात हदगावची कांता लई बोलकी. थोरला विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला, धाकटा बाबू इथं, डॉक्टर व्हायचा म्हणून परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेला. ती म्हणते, मावशी, पोरगं डॉक्टर होवो न होवो, मी ब्लाउज शिकूनच घरी जाणार.

आमच्या खोलीला एकच खिडकी, तिचाच उजेड. खिडकीला लागून घरमालकानं होस्टेल उठवलं, चार मजले. एकेक मजला चढला तसा आमचा उजेड उतरला. मग आमच्या खोलीचा लाइटचा बोर्ड जळाला. मालक म्हणला, मावशी, आता कशाला तिथं बोर्ड बसवायचा, होस्टेलच्या खाली हॉल हाय, ट्यूबलाइट हाय, इन्व्हर्टर हाय, भाडं तेवढंच द्या, चला. माणूस वाईट न्हाई बाई. मी म्हणलं, डोक्यावर चार स्लॅब हायत. तर हसला. म्हणला, इंजिनिअरनं भूकंपाचा हिशोब धरून सळई घातलीय, तुमच्या पत्र्याहून मजबूत हाय. म्हणलं, बाबा, ते माझ्या डोक्याला कळतं, पायाला कोण सांगावं. पण मला कळलं, अंधारात वर्ग चालणार न्हाई, आन वर्ग टिकवायचा तर मला दिवाच पाहिजे.

म्हणून दिव्याचं सुरू झालं. पहिला आणला उंच मानेचा. माझ्यासंगं मुरुडला नेऊन चार्ज करायचा असं ठरलं, तर एसटीच्या गर्दीत त्याची मानच मोडली. मग एकीच्या भाच्यानं कपाळाला बांधायची बॅटरी दिली. कांतानं बांधली आन म्हणली, मावशी, मी काय रानात बैल हुडकायला निघाले काय? ती ज्या बाईकडं बघायची ती डोळे झाकायची. सगळ्या हसून हसून हैराण, तुरपाई बाजूलाच. मग एक पांढराशुभ्र मिळाला, लई उजेड, आम्ही खुश. त्या उजेडात एकीनं गडद निळ्या ब्लाउजला काळ्या दोऱ्यानं सगळी तुरपाई केली. बाहेर उन्हात येऊन बघते तर काळ्या रेघा. उसवत बसली बिचारी. शेवटी पिवळसर उजेडाचा, बुटका, खाली जड बूड असलेला दिवा घेतला, सगळ्यांनी वर्गणी काढून. तो बरोबर होता. बाया गोल बसायच्या, मधी दिवा, रंग कळायचा, सुईचं नाक दिसायचं. मला वाटलं, चला, वर्ग वाचला.

चार्ज करायचा मात्र बायांच्या खोलीवर, आळीपाळीनं. माझ्या खोलीत बोर्ड न्हाई आन एसटीनं एक दिवा मोडलेला. एक दिवस कांतानं दिवा आणून ठेवला, मी बटण दाबलं, लागला आन विझला. म्हणलं, कांता, चार्जिंगला लावला न्हाईस का? लावला होता की मावशी. मग? ती पदराशी खेळत बसली. मग म्हणली, बाबूची टेस्ट होती, लाइट गेली, तो अभ्यास करून राहिला होता, म्हणला आई तो दिवा दे. आता मी त्याला काय म्हणू, की हा दिवा तुरपाईचा हाय? बाया हसल्या, पण लगेच सुया ओवायला लागल्या. कारण बाई, सगळ्याच तसं करत होत्या. ज्या घरी दिवा जायचा त्या घरी कोणती ना कोणती टेस्ट असायचीच. दुपारी आमच्याकडं यायचा तो रिकामा होऊन.

उदगीरची म्हणली, दिव्याला कुलूप लावा. म्हणलं, दिव्याला लावता येतं, लेकराच्या अभ्यासाला कोण लावणार? मी काय रागावू? ज्या अभ्यासापायी ती बाई घर सोडून आली, त्यालाच म्हणू दिवा देऊ नको? माझी रेखा दहावीला नापास झाली, मला तर त्या अभ्यासाचं मोल जास्तच.

मग मी गंजगोलाईत दुकानात गेले आन म्हणलं, असा दिवा दाखवा की त्याच्यात पुस्तक वाचता येत न्हाई. दुकानदार बघतच राहिला. म्हणला, मावशी, तसला दिवा कोण बनवंल? सगळं सांगितलं तवा त्यानं मशीनला चुंबकानं चिकटणारा बारका दिवा दिला, सुईपुरता उजेड पाडणारा, चार्जिंगचाच. मला वाटलं जिंकले. कांता तो घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी मान खाली घालून आली. म्हणली, मावशी, बाबूनं तो पत्र्याच्या पेटीला चिकटवला आन पुस्तकच ओळीओळीनं सरकवत वाचून राहिला होता.

बाया हळूहळू कमी झाल्या. कुणी म्हणलं डोळे दुखतेत, कुणी म्हणलं डबा करायचा हाय. मग मालकानं सांगितलं, दिवाळीनंतर ह्या खोलीत पोरांची मेस काढणार, तुम्ही हॉलमध्ये या. बाया खुश झाल्या, मला दिसू नये म्हणून कापडात तोंड घालून बसल्या, पण झाल्या. कांता म्हणली, एकदा बघून तर या, मी हात धरते. गेले. दार ओलांडलं, पहिला खांब आला, तोवर ठीक. दुसऱ्या खांबाला पाय पुढं पडंना. वर कुणीतरी खाट ओढली आन मी खालीच बसले. कांतानं मला धरून बाहेर आणलं. एकीनं पाणी दिलं.

तर असं ठरलंय, वर्ग आत, मी बाहेर पायरीवर. जिला विचारायचं ती उठून बाहेर येईल. पहिलं पहिलं येतील. मग कोण सारखं उठतंय, कांतालाच विचारतील, तिचा हात आता चांगला बसलाय, विचारू द्या. चुकीचा टाका पडला तर मला तिथून दिसायचा न्हाई. तिथून काहीच दिसत न्हाई, नुसती मशीनं ऐकू येतेत.

म्हणून लेकरांना लिहा, वर्गाला आता दिवा नको. माझ्यापुरता एक असला तर बघा, मांडीवरचं काज दिसंल एवढा, पिशवीत बसंल असा. लई लखलखीत नको, आतल्या बायांना वाटायचं मावशी हट्टानं बाहेर बसलीय. न्हाई पाठवला तरी चालंल, दुपारी पायरीवर ऊन असतं थोडा वेळ.

तुमची नातवंडं तिकडं कितव्या मजल्यावर राहतेत ते मला सांगू नका बाई. जिथं हायत तिथं सुखात राहू द्या, माझं एवढंच लिहा.