माँजींचा समुद्र

अंदमानला मासे काय, शहाळी काय, निळंशार पाणी काय, सगळं मनसोक्त झालं. पण खरी गंमत घडली ती जयपूरला परतल्यावर. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला ह्यांची बँकेची बदली तिथं होती. शेजारच्या माँजींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आम्ही निघताना म्हणाल्या, "बेटी, थोड़ा समंदर ले आना."

मी आपली एक बाटली भरून आणली, नुसती बघायला हो! माँजींनी ती देवापुढे ठेवली, बाटलीला कुंकवाचं बोट लावलं आणि मी "रुकिए, रुकिए" म्हणेपर्यंत ओंजळभर तीर्थ प्यायल्यासुद्धा. आता तीर्थ थुंकणार कसं? डोळ्यांतून पाणी आलं, पण बाईंनी गिळलं.

"वहाँ सब तरफ यही पानी है?"

"हाँ माँजी, जहाँ तक नजर जाए."

माँजींनी उठून माठातलं गार पाणी लोटाभर आणलं. भर उन्हाळा, त्यांच्याही नळाला दिवसाआड पाणी.

"पी ले बेटी. इतने दिन कैसे रही होगी, बेचारी!"

शहाळ्यांवर शहाळी रिचवून आलेली मी, तो लोटा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.